साहेब, अर्ज कुठं द्यायचा?

नाशिक, १४ नोव्हेंबर १९७९

सावळीराम,

जयभीम. घाबरू नकोस, आंतर्देशीय पत्र तिन्ही बाजूंनी चिकटवलेलं असतं. बाहेरून फक्त तुझं नवं नाव दिसतं, श्री. एस. के. सायखेडकर. ते मी दातओठ खात लिहिलंय. कोंडाजी निरभवण्यांचा मुलगा मुंबईला जाऊन सायखेडकर झाला आणि सायखेड्याला मात्र सात वर्षांत फिरकला नाही, याला काय म्हणायचं ते तूच सांग. तू सांस्कृतिक खात्यातला सरकारी अधिकारी, मी म्युनिसिपालिटीच्या शाळेतली मास्तरीण.

दादा काल परत आले. चांगले आठवडाभर राहीन म्हणून लेकाकडे गेलेला बाप दुसऱ्याच दिवशी दारात उभा. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, "काय नाय. सावळा बरा हाय, घर झ्याक हाय." पण आत्यानं तुझ्यासाठी सायखेड्याहून धाडलेली शेंगांची पिशवी जशी नेली होती तशीच परत आली होती. मग मी खोदून खोदून विचारलं. तुला ठाऊक आहे, मी सोडत नाही.

तर तुझ्याकडे तुझे मोठे साहेब जेवायला बसले होते. दाराशी दादा, धोतर, निळी टोपी, खांद्यावर पिशवी. आणि तू साहेबांना म्हणालास, "हे आमच्या भागातले कलावंत. अनुदानाची चौकशी करायला आलेत."

दादांना राग आला नाही. मला आला, तो अजून आहे. दादांना तुझी कीव आली. "पोरगं घामानं डबडबलं व्हतं," म्हणाले. म्हणून तेच पुढे झाले आणि हात जोडून तुला विचारलं, "साहेब, अर्ज कुठं द्यायचा?" जलशात चाळीस वर्षं पाटलाचं नि सावकाराचं सोंग आणलेला माणूस! त्याला परक्याचं सोंग आणायला कितीसा वेळ लागणार? तू बॅगेतून छापील अर्ज काढून दिलास. त्यांनी तो कपाळाला लावला, म्हणे. पिशवी ठेवता आली नाही, कारण कलावंतानं साहेबाला पिशवी दिली तर मोठ्या साहेबांना ती लाच वाटली असती. रात्र स्टेशनवर काढून सकाळच्या गाडीनं आले.

शेंगा आम्ही भाजून खाल्ल्या. छान होत्या.

तो अर्ज मी चुलीत घालणार होते, पण दादा घालू देत नाहीत. म्हणतात, "सावळ्यानं दिलाय, भरायचा." मी म्हटलं, अहो, त्यानं वेळ मारून न्यायला दिला. "आसंल. पन दिला ना?" या घरात मी एकटीच शहाणी आहे, ही मला झालेली शिक्षा आहे.

पण अर्ज वाचल्यावर माझंही मन जरा पालटलं. विद्यापीठाच्या नामांतराचं प्रकरण पेटल्यापासून खेड्यात जलशाला परवानगी म्हणून मिळत नाही. ऑर्केस्ट्राला कुणी विचारत नाही, आम्हाला मात्र सरकारमान्य कागद आणा म्हणतात. दादांना सायखेड्यात, आपल्या गावात, एकदा जलसा करायचाय. बाकी त्यांना काही नको. तुमच्या योजनेत आपल्या जलसा मंडळाचं नाव लागलं तर तो कागद मिळेल. योजनेवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, "उपेक्षित समाजघटकांच्या कलांसाठी". आमच्याइतकं उपेक्षित तुमच्या खात्याला दुसरं कोण मिळणार? आम्हाला तर खात्यातला आमचा माणूससुद्धा ओळखत नाही.

अर्ज वेगळा टपालानं पाठवते आहे.

सुला आक्का


नाशिक, ९ जानेवारी १९८०

सावळीराम,

खात्याचं उत्तर पोचलं. "महोदय, आपला अर्ज अपूर्ण असल्याने परत पाठविण्यात येत आहे." खाली तुझी सही. ज्याला मी न्हाऊमाखू घातलं, ज्याची पाटी मी पुसली, तो मला महोदय म्हणतो. वर्गात ते पत्र उघडलं आणि एवढ्या मोठ्यानं हसले की पोरांनी पाढे थांबवले. मग मला हसू येईनासं झालं.

अपूर्ण काय आहे, तर एक रकाना. "गण, गवळण, बतावणी, वग, यांचा तपशील द्या." मी तपशील दिला होता. वंदना, गाणी, संवाद, वग. त्यावर तांबड्या पेन्सिलीनं शेरा आहे, "गण नसल्यास हा प्रकार लोककलेत बसत नाही."

बसत नाही! अरे, इतरांना ठाऊक नसेल, पण तुला? छप्पन साली दीक्षा घेतल्यावर घरातले देव टोपलीत घालून सायखेड्याला गोदावरीत सोडले, ती टोपली कुणाच्या डोक्यावर होती? तुझ्याच. दहा वर्षांचा होतास आणि पाण्यात उतरायला घाबरत होतास. त्यानंतर आपल्या जलशात गणपतीची विनवणी कशी करणार? म्हणून तर दादांनी वंदना रचली. ती सुरू झाली की बघणाऱ्यांनी बसायचं नाही, उभं राहायचं, हा दादांचा दंडक. आमच्याकडे ज्या गोष्टीसाठी माणसं उभी राहतात, तीच गोष्ट तुमच्या रकान्यात नाही.

भिकनला हा शेरा वाचून दाखवला. तो ढोलकीला शाई लावत बसला होता. म्हणाला, "म्हंजी आपन उपेक्षित बी हाय आन बसत बी नाय? मंग त्यांना पायजेल तरी कोन?" भिकन शाळेत चौथीत नापास झालाय, पण हा प्रश्न मी तुझ्याकडे रीतसर पाठवते आहे.

दादा रोज तालीम घेतात. झीलकरी कुणी उरला नाही. तू गेलास, मग शंकर पिंपळगावला टेंपोवर लागला. शाहिराचा दम ओळीच्या शेवटी संपतो, तेव्हा ती ओळ मागच्यानं उचलायची, त्यालाच झील म्हणतात. मागे कुणी नसलं की शाहिराला श्वासच घेता येत नाही. आता झील मी घेते. दादा म्हणतात, "तू लय उशिरा घेती." मी दिवसभर पोरांवर ओरडून आलेली असते, त्याचं काही नाही. थोडा खोकला आहे त्यांना. धुळीनं असेल.

अर्ज तसाच परत पाठवलाय. गणाच्या रकान्यात लिहिलंय, "नाही. वंदना आहे. उभं राहून."

सुला आक्का


नाशिक, २ मार्च १९८०

सावळीराम,

बिनसहीचा टाइप केलेला कागद मिळाला. "परीक्षणाच्या दिवशी दहा मिनिटे गण सादर करावा. नंतर मंडळाने आपल्या पद्धतीप्रमाणे करावे. कॉलनीत कोणास कळणार नाही."

सही नाही, नाव नाही. पण "कॉलनी" हा शब्द कुठून आला रे त्या टाइपरायटरमध्ये? अर्जावर तर आमचा पत्ता शाळेचा आहे, कॉलनीतल्या घराचा नाही.

मला इतका संताप आला की मी ते पत्र घेऊन सरळ स्टँडवर गेले, मुंबईची एसटी पकडायला. तिथं पाऊण तास उभी राहिले. मग आठवलं की तुझ्या दाराशी जाऊन मी काय म्हणणार? मला तर सोंगं येत नाहीत. परत आले आणि वांग्याची भाजी केली. करपली.

दादांना वाचून दाखवणं भाग होतं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ह्ये सावळ्यानं लिवलंय?" मी म्हटलं, छे, कुणीतरी क्लार्क असेल. त्यांचा चेहरा सैल झाला. "मंग त्या क्लार्कला लिव, गन म्हननारे लय हायेत. आमची वंदना म्हननारे आमीच. आमी नाय म्हटली तर कोन म्हनंल?" तर क्लार्कसाहेब, निरोप पोचवला. तुझ्यासाठी मला म्हाताऱ्या बापाशी खोटं बोलावं लागतंय, हेही नोंदवून ठेव.

इथल्या कचेरीत तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर, दुसऱ्यांदा साहेब मिटिंगमध्ये, तिसऱ्यांदा साहेब होते पण फाइल दौऱ्यावर. तिथंच कळलं की शहरातल्या दुसऱ्या एका मंडळाचं नाव लागलंसुद्धा. त्यांच्याकडे गण आहे, गवळण आहे, जरीच्या टोप्या आहेत. फक्त बघायला माणसं नसतात. आमच्याकडे माणसं आहेत, म्हणून पोलिस परवानगी देत नाहीत. कुणाला काय मिळावं याचं तुमच्या सरकारचं गणित मला शाळेत शिकवायला सांगितलं तर मी राजीनामा देईन.

तरी पण, मोठ्या साहेबांनी "प्रत्यक्ष पाहून ठरवू" असा शेरा मारलाय, हे खालच्या कारकुनानं हळूच सांगितलं. तो शेरा त्यांच्याकडून कुणी मारून घेतला, ते मला ठाऊक नाही. मी विचारणारही नाही.

सुला आक्का


नाशिक, ६ एप्रिल १९८०

सावळीराम,

तुमच्या समितीनं परीक्षणाला नेमका एप्रिलचा दुसरा आठवडा दिला होता. जयंतीचा आठवडा! दिवाळीत हलवायाला म्हणावं, जरा परीक्षा द्यायला ये. तारा करून, भांडून, तारीख रविवार सत्तावीस करून घेतली. आमच्याच शाळेचा हॉल आहे. समितीत मोठे साहेब, एक प्राध्यापक आणि सचिव म्हणून तू. म्हणजे आमची परीक्षा तू घेणार. घे बाबा.

आता नीट ऐक, कारण मी एकदाच लिहिते आहे.

तू आम्हाला ओळखायचं नाहीस. आम्ही तुला ओळखणार नाही. या कामात तुझा सात वर्षांचा सराव आहे, तेव्हा तुला जड जाऊ नये. खात्याच्या नियमात आहे म्हणे, समितीतला माणूस अर्जदाराचा नातेवाईक निघाला तर अर्ज बाद. त्यामुळे घरी यायचं नाही, दादांच्या पाया पडायचं नाही, माझ्याकडे बघून ते ओशाळं हसायचं नाही. वंदनेला हॉलमधले आपले लोक उभे राहतील. समितीनं उभं राहायची गरज नाही. तू बसून राहा. मांडीखाली हात घाल, पण बसून राहा.

मंडळातल्या सगळ्यांना मी पढवलंय. भिकन तेवढा ऐकत नाही. "मी काय त्याला साहेब म्हनू? त्याचं नाक पुसलंय म्या!" रोज तालमीनंतर त्याच्याकडून घोकून घेते, "आमी ह्या साहेबांना वळखत नाय." आता झोपेतसुद्धा म्हणतो, असं त्याची बायको सांगत होती.

दादांचा खोकला धुळीचा नाही. सिव्हिलमध्ये नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, गाणं बंद करा. दादांनी त्यांना विचारलं, "किती दिस?" डॉक्टर म्हणाले, कायमचं. तेव्हापासून दादा डॉक्टरांचं नाव काढू देत नाहीत. हे तुला लिहिणार नव्हते. लिहिलंय ते एवढ्यासाठी की हे पुढच्या वर्षावर टाकता येणार नाही. सायखेड्याचा जलसा व्हायचा तर यंदाच.

म्हणून सांगते, एक दिवस. बसून राहा.

सुला आक्का


नाशिक, १८ मे १९८०

सावळीराम, अरे गाढवा,

खात्याचं पत्र काल आलं. "समितीचे सचिव हे अर्जदाराचे निकटचे नातेवाईक असल्याचे निदर्शनास आल्यामुळे सदर अर्ज निकाली काढण्यात येत आहे." खाली दुसऱ्याच कुणाची सही. तुझं टेबल काढून घेतलं का? खुलासा मागवलाय का? तुझी बायको काय म्हणाली? काहीएक कळवत नाहीस. तीन आठवडे मी पोस्टमनच्या वाटेवर बसल्यासारखी आहे.

सात वर्षं मी तुला सांगत आले, एकदा आमच्यात येऊन उभा राहा. लग्नात नाही, बारशात नाही. आई गेली तेव्हा नाशकात आलास, तो पंगतीला न बसता गेलास. सात वर्षं उभा राहिला नाहीस. आणि आयुष्यात एकच दिवस मी म्हटलं, बाबा रे, आज बसून राहा, तर त्याच दिवशी उठलास! तुझ्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही.

तू तिथंच होतास. पण स्टेजवरून मला काय दिसलं ते तुला दिसलं नसणार, म्हणून लिहिते. वंदना सुरू झाली, अख्खा हॉल उभा राहिला. समिती बसलेली. तूही बसलेला. तू खरोखर मांडीखाली हात घातले होतेस, आणि तशातही मला हसू येत होतं. दोन कडवी दादांनी झकास म्हटली. शेवटची ओळ वर चढते, तिथं त्यांचा दम तुटला. नुसतं तोंड उघडं. भिकननं ढोलकी तशीच धरून माझ्याकडे पाहिलं. झील मी घ्यायची होती. मला ती येत होती रे, रोज म्हटलेली. पण दादांचं ते तोंड बघत राहिले आणि ओळ घ्यायची राहून गेली.

आणि पुढच्या रांगेतून ओळ आली. लहानपणी स्टुलावर उभा राहून घ्यायचास त्याच पट्टीत. तू उभा होतास, हात जोडलेले, मांडीवरची फाइल खाली पडून कागद पंख्यानं सगळीकडे पसरलेले. दादांनी श्वास घेतला आणि वंदना पुरी केली.

मोठे साहेब म्हणाले, "सायखेडकर, हे तुम्हाला पाठ कसं?"

मी पुढे होऊन ठोकून दिलं, "साहेब, ही वंदना सगळ्या जिल्ह्याला पाठ आहे." बरं चाललं होतं. तेवढ्यात भिकन मागून ओरडला, "आमी ह्या साहेबांना वळखत नाय!" त्याला कुणी विचारलं होतं? महिनाभर घोकून घेतलं त्याचं हे फळ.

मग साहेबांनी दादांकडे निरखून पाहिलं. "बाबा, त्या दिवशी यांच्या घरी अर्जासाठी आला होतात ते तुम्हीच ना? हे कोण तुमचे?"

"कुणी नाही." एवढं म्हणायचं होतं. यापेक्षा मोठं सोंग त्यांनी तुझ्या दाराशी उभ्या उभ्या वठवलं होतं. मी डोळ्यांनी खुणावून खुणावून दमले. दादांनी टोपी सारखी केली, घोटभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "सावळीराम. माझा पोरगा हाय त्यो. झील त्योच घ्यायचा."

झालं. संपलं. सहा महिन्यांच्या खेपा, तारा, रकाने, सगळं गोदावरीत. तू मान खाली घालून कागद गोळा करत बसलास, आणि मला तुझ्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटत होता आणि जवळ घ्यावंसंही वाटत होतं. दोन्ही राहिलं. तुमची जीप निघून गेली.

घरी आल्यावर मी दादांवर तोंड सोडलं. सोडणारच. म्हटलं, मुंबईला त्याच्या दाराशी परकं होता आलं, मग इथं काय धाड भरली? सायखेड्याचा कागद हातातून घालवलात! ते खाटेवर बसून मिशीत हसत होते. म्हणाले, "तिथं त्याला मी नको व्हतो, म्हनून म्या त्याचा कुनी नाय झालो. हितं त्यो आपल्या पायानं उभा राह्यला. त्याला बस म्हनू व्हय?" थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "येळेवर घेतली पन." मी सहा महिने झील घेते आहे, मला एकदाही असं म्हणाले नाहीत.

तेव्हापासून हा माणूस कॉलनीत घरोघर सांगत फिरतोय. अर्ज फेटाळला गेला हे नव्हे. तू झील घेतलीस हे. लोक विचारतात, मग अनुदानाचं काय? तर म्हणतात, "त्ये व्हय? त्ये नाय झालं." जसं काही दळण राहिलं गिरणीत.

सायखेड्याचा जलसा आत्याच्या अंगणात करायचा, परवानगीशिवाय, असं ठरलंय. मी विरोध केला, कुणी ऐकलं नाही. भिकनचा एकच प्रश्न आहे, आत घातलं तर ढोलकी बरोबर नेऊ देतील का. तुमच्या खात्यात याचा काही नियम असला तर कळव.

दुसरं असं, की दादा पुढच्या रविवारी तुझ्याकडे येतायत. मी नको म्हटलं. आत्यानं उन्हाळी शेंगा दिल्यात, पिशवी भरून ठेवली आहे. म्हणतात, आता अर्ज निकाली निघाला, आता कुणी लाच म्हणायचं नाही. या वेळी पिशवी परत आली तर मी ती भाजणार नाही, तशीच तुझ्या ऑफिसात मोठ्या साहेबांच्या टेबलावर आणून ओतीन.

तू तिसऱ्या मजल्यावर राहतोस. दादांना आता जिना चढला की बोलवत नाही, उंबऱ्याशी उभे राहून नुसती धाप लागते. शेजारी असतील, तुझी बायको असेल, कुणी साहेबही असतील. कोण आलंय म्हणून विचारतील. तेव्हा दादांच्या तोंडाकडे बघत बसू नकोस. ते कोण आहेत ते तू सांग.

सुला आक्का